वऱ्हाडी कोणाला म्हणावे?

मराठीत 'वऱ्हाडी' हा शब्द दोन माणसांसाठी वापरला जातो आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक वऱ्हाडी नवरदेवाबरोबर येतो, पंगतीत मानाने बसतो आणि अक्षता पडल्या की आपल्या गावी परततो. दुसरा वऱ्हाडी कुठून येत नाही. तो मुळातच वऱ्हाडात राहतो. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगातले वऱ्हाड लग्नाचे आणि तेही मराठवाड्यातले. तरी नुसत्या नावावरून तो प्रयोग अकोला-अमरावतीकडचा असावा असे समजणारे अजून भेटतात. उलट बाजूनेही घोटाळा आहेच. रुक्मिणीच्या स्वयंवराला आलेली वऱ्हाडे या मुलखात उतरली म्हणून प्रांताचे नाव वऱ्हाड पडले, अशी गोड व्युत्पत्ती सांगितली जाते. ती ऐकावी आणि सोडून द्यावी.

हा लेख दुसऱ्या वऱ्हाडीबद्दल, म्हणजे त्या प्रांताच्या माणसाला लावल्या जाणाऱ्या नावांबद्दल आहे. वऱ्हाडी, वऱ्हाडकर, बेरारी, वैदर्भ, वैदर्भीय, विदर्भवादी ही सगळी नावे शब्दकोशात शेजारी शेजारी बसतील, पण बोलताना एकाच्या जागी दुसरे घातले की अर्थ हलतो. ही नावे तपासायला वाशिम जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. एक तर हा जिल्हा वऱ्हाडाच्या दक्षिण कडेला आहे आणि नावाचा कस नेहमी कडेवरच लागतो. दुसरे म्हणजे, या सगळ्या नावांत जे सर्वांत विसरले गेले आहे, ते खुद्द वाशिमच्या नावावरून तयार झालेले आहे.

वऱ्हाड म्हणजे आजचे पाच जिल्हे: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम. महसुली भाषेत हाच अमरावती विभाग. पूर्वेला वर्धा नदी, आणि नावाचा उगमही बहुधा तिथेच. 'ऐने अकबरी'त अबुल फजलने या सुभ्याचे मूळ नाव 'वरदातट' असल्याची नोंद केली आहे. वरदा म्हणजे वर्धा आणि तट म्हणजे काठ. त्याच ग्रंथात 'बासिम' या नावाचे एक सरकार, म्हणजे सुभ्याचा पोटविभागही येतो, तो आपले वाशिम. वर्धेचा काठ ही सीमा मोगलांपेक्षा फार जुनी आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त शुंग राजा अग्निमित्र विदर्भाची वाटणी करतो, तेव्हा दोन चुलतभावांना वरदेच्या दोन काठांवरची दोन राज्ये मिळतात. नंतर सत्ता अनेक आल्या आणि गेल्या, तरी नदीच्या अलीकडचा तो वऱ्हाडी आणि पलीकडचा तो नागपूरकर, ही वाटणी काही मोडली नाही.

प्रांताला फारसी दफ्तरात 'बरार' म्हणत आणि इंग्रजांनी त्याचे 'बेरार' केले. एलिचपूरच्या म्हणजे आजच्या अचलपूरच्या इमादशाहीने 1490 ते 1574 या काळात इथे स्वतंत्र राज्य केले. पुढे अहमदनगरची निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले, असा हा मुलूख हातोहात फिरला. 1853 च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला, तोही फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही चमत्कारिक व्यवस्था होती. त्यामुळे कागदोपत्री प्रांताला धड नावही राहिले नाही. त्याला 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' म्हणत. 'सोपवलेले जिल्हे' या नावाने कोणता माणूस स्वतःची ओळख सांगणार? 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून कायमचा पट्टा लिहून घेतला आणि 1903 पासून 'सी. पी. अँड बेरार', म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हे जोडनाव रूढ झाले.

या 'बेरार'चा शेवटचा राजेशाही थाट 1936 चा. त्या वर्षीच्या कराराने निजामाला 'हैदराबाद आणि बेरारचा निजाम' असा किताब मिळाला आणि त्याच्या थोरल्या मुलाला, आझम जाह यांना, 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. त्यांची पत्नी दुर्रुशेहवार ही उस्मानी खलिफा दुसरा अब्दुल मजीद याची मुलगी. म्हणजे इस्तंबूलमध्ये जन्मलेली एक स्त्री जगभर 'प्रिन्सेस ऑफ बेरार' म्हणून ओळखली गेली. कापसाच्या वावरात राबणाऱ्या कुणब्याला मात्र 'बेरारी' हे विशेषण कधी चिकटले नाही. शब्द दफ्तराचा होता आणि दफ्तराबरोबरच गेला. आता तो संस्थांच्या पाट्यांवर उरला आहे: अकोल्याची बेरार जनरल एज्युकेशन सोसायटी, नागपूरच्या महालातले सी. पी. अँड बेरार महाविद्यालय. जिवंत माणसाला आज 'बेरारी' म्हटले तर तो मागे वळून पाहणार नाही.

वाशिमच्या वाट्याला या काळात आणखी एक गोष्ट आली. इंग्रजी अमलात 'बासिम' हा स्वतंत्र जिल्हा होता आणि त्यात बासिम, मंगरूळ व पुसद हे तालुके होते. 1905 मध्ये तो मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळला. त्यानंतर 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. आता त्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. मधल्या त्र्याण्णव वर्षांत तिथल्या लोकांच्या तोंडात एक सवय बसली. पुण्यात कोणी गाव विचारले की जुनी माणसे आजही 'अकोल्याकडचे' असे सांगतात. तरुण मुले 'वाशिम' म्हणतात आणि पुढचा प्रश्न आलाच तर 'विदर्भात' अशी भर घालतात. 'वऱ्हाड' हे उत्तर पहिल्या झटक्यात सहसा येत नाही. ते घरातले नाव आहे, परक्याला लगेच सांगायचे नव्हे.

आता 'विदर्भ' आणि त्यापासून निघालेली विशेषणे. हे नाव फार प्राचीन. रुक्मिणी ही वैदर्भी, दमयंती ही वैदर्भी, 'रघुवंशा'तली इंदुमतीही तिथलीच. पण प्राचीन आहे म्हणून त्याचा अर्थ स्थिर होता असे मात्र नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात काँग्रेसच्या प्रांतिक रचनेत 'विदर्भ' म्हणजे फक्त वऱ्हाड आणि 'नागपूर' हा प्रांत वेगळा होता. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी 'विदर्भ केसरी' म्हणवले गेले, ते याच विदर्भाचे. दोन्ही भाग एकत्र सांगायचे तर 'महाविदर्भ' असा शब्द वापरावा लागे. विदर्भ साहित्य संघही 1923 च्या संक्रांतीला अमरावतीत, म्हणजे वऱ्हाडात स्थापन झाला आणि नंतर नागपूरला गेला. बुलढाण्याचे इतिहासकार या. मा. काळे यांनी तर सरळ दोन वेगळे ग्रंथ लिहिले: 1924 चा 'वऱ्हाडचा इतिहास' आणि 1934 चा 'नागपूर प्रांताचा इतिहास'. एकाच लेखकाला एकाच पुस्तकात हे दोन भाग बसवता आले नाहीत, यातच काय ते आले.

1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र राज्य सुचवले आणि त्याला 'विदर्भ' हेच नाव दिले. ते राज्य झाले नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हे आठही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आले. पण नाव राहिले आणि त्यातला 'महा' हळूहळू गळाला. आठाचे अकरा जिल्हे झाले. आज विदर्भ म्हणजे वऱ्हाड अधिक नागपूर विभाग, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. म्हणून प्रत्येक वऱ्हाडी हा वैदर्भीय असतो. प्रत्येक वैदर्भीय वऱ्हाडी नसतो. भंडारा-गडचिरोलीकडच्या माणसाला 'तुम्ही वऱ्हाडी ना?' असे विचारणारा पुणेकर आपले अज्ञान दाखवतो आणि समोरचा ते सभ्यपणे गिळतो.

इथे व्याकरणाचाही एक खडा आहे. विदर्भापासून 'वैदर्भ' हे विशेषण झालेच आहे. त्याला पुन्हा 'ईय' लावून 'वैदर्भीय' करणे म्हणजे टोपीवर टोपी. 'विदर्भीय' अधिक नीट. पण वर्तमानपत्रांनी 'वैदर्भीय' इतके रुळवले की आता त्यावर डोके फोडण्यात अर्थ नाही. 'विदर्भवादी' मात्र वेगळा: त्याने माणसाचा प्रदेश कळत नाही, त्याचे राजकीय मत कळते. विदर्भवादी नसलेले वैदर्भीय भरपूर आहेत. आणि ज्या ठिकाणी 'विदर्भ' हा शब्द कोणाच्याही कपाळावर आठी न पाडता उच्चारला जातो, ते ठिकाण म्हणजे रणजी करंडकाचा धावफलक. 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा करंडक जिंकलेला हा संघ महाराष्ट्राच्या संघाहून वेगळा आहे. तिथे विदर्भाचे राज्य केव्हाच झाले आहे.

वऱ्हाडाच्या आतही पोटनावे आहेत. निजामाच्या काळात प्रांताचे दोन भाग मानत: पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, काळ्या मातीचा पयनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा बालाघाट. अकोला-अमरावतीचा बराच भाग पयनघाटात आणि वाशिम बालाघाटात. बुलढाण्याकडे लोक अजूनही 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असा भेद करतात, सोयरीक जुळवतानाही. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की हिंगोली, म्हणजे मराठवाडा. निजामाच्या त्या मुलखाला वऱ्हाडातली जुनी माणसे 'मोगलाई' म्हणत. मोगल जाऊन दोन शतके झाली तरी नदीपलीकडे मोगलाईच होती. रिसोडकडच्या बोलण्यात आणि पलीकडच्या सेनगावच्या बोलण्यात मात्र नदीइतके अंतर नाही.

'वऱ्हाडी' हे बोलीचेही नाव आहे, आणि खरे सांगायचे तर आज हा शब्द सगळ्यात जास्त याच अर्थाने वापरला जातो. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात, 1905 साली, वऱ्हाडी आणि तिची जोडबहीण नागपुरी यांचे नमुने छापले गेले. वऱ्हाडी ओळखायची खूण कानाला लगेच सापडते. मला-तुला न म्हणता 'मले-तुले'. का म्हणून न विचारता 'काहून'. चालू असलेल्या क्रियेला 'रायला': तो काम करून रायला, पाऊस येऊन रायला. 'ण'चा 'न' होतो, पाण्याचे 'पानी'. 'ळ' तर तोंडात राहतच नाही, त्याचा 'य' होतो: डोळा तो 'डोया', शाळा ती 'शाया', काळा तो 'काया'. हाच 'ळ' पूर्वेकडच्या झाडीबोलीत गेला की 'र' होतो आणि काळा 'कारा' होतो. एका अक्षरावरून माणूस वर्धेच्या कोणत्या बाजूचा, हे बऱ्याचदा ओळखता येते. आणि निरोप देताना आज्ञेचा कठोरपणा काढून टाकणारे ते 'जो': येजो, जाजो, सांगजो. गुजरातीतल्या 'आवजो'शी त्याचे नाते उघड आहे.

वाशिमच्या आठवडी बाजारात भाजीवालीपुढे उभे राहिले की बोली नुसती ऐकू येत नाही, पिशवीतही पडते. 'सांबार कसा देला मावशी?' असे गिऱ्हाईक विचारते आणि 'घे वं माय, तुले जास्तीचा देतो' असे म्हणत बाई हिरवीगार जुडी उचलते. सांबार म्हणजे कोथिंबीर. पश्चिम महाराष्ट्रातून नवी आलेली सून पहिल्यांदा सासूने 'सांबार आन' म्हटल्यावर डाळ शिजत घालते, असे विनोद घरोघर आहेत. भाजीवाली 'देतो' म्हणाली हेही लक्षात घ्यावे. बाईमाणसानेही 'जातो, येतो, देतो' म्हणण्यात या बोलीला काही खटकत नाही. बाजारातच पुढे कोणी 'पऱ्हाटी'चा भाव काढतो, कोणी 'वावरातल्या धुऱ्या'वरून भाऊबंदकीची कथा सांगतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, धुरा म्हणजे बांध. वऱ्हाडाचे सगळे वैभव आणि सगळे भांडण या दोन शब्दांत मावते. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण कापसाने खरी केली. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवीने मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि पाठोपाठ रेल्वे नागपूरपर्यंत पोचली.

प्रदेशाच्या नावांचा असा गुंता केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या आजच्या माणसाला 'आंदालुझ' म्हणतात. पण मध्ययुगातल्या मुस्लीम राजवटीच्या काळातल्या माणसाला वा वस्तूला 'आंदालुसी' म्हणतात, आणि या दोन शब्दांची अदलाबदल करणे तिथे मोठी चूक मानली जाते. तिसरा पर्याय 'बेतिको'. रोमन काळी तिथल्या मोठ्या नदीचे नाव बेतिस होते, म्हणून प्रांत बेतिका. अरबांनी तिला 'अल् वादी अल् कबीर', म्हणजे मोठी नदी म्हटले आणि तिची ग्वादलकिवीर झाली. जुने नाव सेव्हिल शहरातल्या रेआल बेतिस या फुटबॉल संघाच्या रूपाने उरले. वरदेवरून वऱ्हाड आणि बेतिसवरून बेतिका. नदीने नाव द्यावे, राज्यकर्त्यांनी ते बदलावे आणि जुन्या नावाने खेळाच्या मैदानावर किंवा शाळेच्या पाटीवर तग धरावी, हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे.

बोलीबद्दलचा तुच्छभावही सारखाच. स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण 1492 मध्ये आंतोनियो दे नेब्रिहा याने लिहिले. तो आंदालुसियाचा. पुढे चाळीसेक वर्षांनी हुआन दे वाल्देस या लेखकाने त्याच्यावर आक्षेप घेतला तो हाच, की हा आंदालुसियाचा आहे आणि तिकडची भाषा शुद्ध नाही. आपल्याकडे मराठी गद्याचा आद्य ग्रंथ, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झाला. म्हणजे मराठी गद्य वऱ्हाडात जन्मले. आणि याच वऱ्हाडातल्या पोराला पुण्यातल्या वसतिगृहात 'तुझी मराठी अशी का?' असे ऐकून घ्यावे लागते. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

'वऱ्हाडी' या शब्दाला बाहेर एक हसरी छटा चिकटली आहे, ती टाळून चालणार नाही. 'वऱ्हाडी ठसका', 'वऱ्हाडी झटका' असे मथळे तयारच असतात. अभिनेते भारत गणेशपुरे यांच्यामुळे दूरचित्रवाणीवर ही बोली घराघरांत पोचली, आणि त्यांचे श्रेय मोठेच आहे. पण त्यामुळे वऱ्हाडी बोलणारा माणूस म्हणजे विनोद करणारच, अशी श्रोत्यांची अपेक्षा झाली. ज्याला या बोलीचे गांभीर्य ऐकायचे आहे त्याने गाडगेबाबांचे मुंबईत बांद्र्याला ध्वनिमुद्रित झालेले कीर्तन ऐकावे. किंवा उद्धव शेळके यांची 'धग' वाचावी; 1960 मध्ये आलेल्या या कादंबरीत दारिद्र्याशी झुंजणारी कौतिक जे बोलते, ते प्रमाण मराठीत लिहिले असते तर त्यातला जाळ विझला असता. पुरुषोत्तम बोरकर यांनी 'मेड इन इंडिया'मध्ये निवेदनच वऱ्हाडीत केले आणि ती हसवता हसवता बोचते. वाशिम जिल्हाही इथे मागे नाही. नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला 1995 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री. बाबाराव मुसळे यांची 'हाल्या हाल्या दुधू दे' ही कोरडवाहू शेतकऱ्याची कादंबरी याच मातीतली.

मात्र जिल्ह्यातले सगळेच स्वतःला वऱ्हाडी म्हणवतील असे समजू नये. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. तिथे सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि देशभरातले बंजारा रामनवमीला तिथे जमतात. ती त्यांची काशी. तांड्यातला माणूस घरात गोरबोली बोलतो, आपल्या माणसाला 'गोर' म्हणतो आणि बाहेरच्याला 'कोर'. त्याच्या हिशेबात वऱ्हाडी कुणबी, पुण्याचा ब्राह्मण आणि दिल्लीचा व्यापारी हे सगळे एकाच 'कोर' खात्यात. गंमत अशी की वऱ्हाडाने महाराष्ट्राला दिलेले सर्वांत दीर्घकाळ टिकलेले मुख्यमंत्री वसंतराव नाईक (1963 ते 1975) हे पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यावरचे. पुसद पूर्वी बासिम जिल्ह्यातच होते. नाईकांना वऱ्हाडी म्हणावे की गोर? दोन्ही, आणि कोणी विचारले यावर कोणते आधी ते ठरणार.

आता त्या विसरलेल्या नावाकडे. वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या तपामुळे देवांनी त्यांच्या आश्रमाभोवती वस्ती केली, म्हणून देवांचा हा गुल्म म्हणजे समूह, अशी स्थलमाहात्म्यातली कथा आहे. पद्मतीर्थासह एकशे आठ तीर्थे इथे असल्याची श्रद्धाही तिथूनच येते. 'कामसूत्रा'चा टीकाकार वेगळे सांगतो: वत्स आणि गुल्म हे दक्षिणापथातले दोन सख्खे राजपुत्र, त्यांच्या वस्तीचा देश तो वत्सगुल्मक. मूळ 'कामसूत्रा'त राजांच्या अंतःपुरांतल्या चालीरीती सांगताना वात्स्यायनाने वात्सगुल्मकांचा रिवाज एक आणि वैदर्भांचा दुसरा, असा स्वतंत्र उल्लेख केला आहे. म्हणजे सुमारे सोळा-सतराशे वर्षांपूर्वी वाशिमकर आणि वैदर्भ ही दोन वेगळी ओळखपत्रे होती!

त्याला कारण होते. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्य वाटले गेले आणि त्याचा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकात वत्सगुल्म येथे स्वतंत्र गादी स्थापन केली. या शाखेचा पक्का पुरावा वाशिमलाच मिळाला. 1939 च्या सुमारास उजेडात आलेला हा ताम्रपट सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिला. त्यात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतात, म्हणजे पूर्वजांची कीर्ती पंडितांच्या भाषेत आणि जमिनीचा व्यवहार लोकांना कळेल अशा भाषेत. आजच्या खरेदीखतांना हे अजून जमलेले नाही. (वाशिमच्या गाड्यांच्या पाटीवरही आज एमएच 37 असते. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) याच शाखेत पुढे हरिषेण राजा झाला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले.

सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे प्राकृत महाकाव्य आज हरवले आहे, पण आनंदवर्धनापासून भोजापर्यंतचे काव्यशास्त्रकार त्याचा आदराने उल्लेख करतात. आणि काव्याच्या क्षेत्रात वाशिमचे नाव विशेषण झाले. संस्कृत काव्यशास्त्रात प्रसन्न, सुकुमार, लांब समासांचा भार नसलेल्या शैलीला 'वैदर्भी रीती' म्हणतात. दंडी आणि वामन यांनी तिला सर्वांत वरचे स्थान दिले. इसवी सन 900 च्या सुमारास कनौजच्या दरबारात असलेला राजशेखर 'कर्पूरमंजरी' या संपूर्ण प्राकृत सट्टकाच्या, म्हणजे नाटकाच्या, आरंभी रीतींची नावे घेतो, तेव्हा वैदर्भीच्या जागी तो 'वच्छोमी' म्हणतो. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म. वच्छोमी म्हणजे वाशिमची रीती, शब्दशः वाशिमी. त्याने 'काव्यमीमांसे'त तर आणखी पुढचे पाऊल टाकले: सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि गौरीची कन्या साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत झाला, असे त्याने लिहिले. काव्य आणि साहित्य यांचे लग्न वाशिमला लागले आहे. वऱ्हाडी शब्दाचे दोन अर्थ एवढ्या एका ठिकाणी खरोखर एकत्र येतात.

रीतींना प्रदेशांची नावे देणे सगळ्यांनाच पटले असे नाही. वामनानेच खुलासा केला होता की ती रीती त्या त्या प्रदेशात आढळली म्हणून तसे नाव. जमिनीमुळे काव्याला गुण येत नाही. काश्मीरच्या कुंतकाने तर चक्क टिंगल केली: देशांवरून रीती ठरवायच्या तर देश अगणित, मग रीतीही अगणित होतील, आणि मामेबहिणीशी लग्न करण्यासारखा काव्य हा काही देशाचार नव्हे. त्याने प्रदेशाची नावे टाकून 'सुकुमार', 'विचित्र' आणि 'मध्यम' असे मार्ग मांडले. पण सुकुमार मार्गाचे कवी सांगायची वेळ आली तेव्हा त्याने कालिदासाबरोबर नाव घेतले ते सर्वसेनाचे, वत्सगुल्माच्या राजाचे. नाव पुसले तरी माणूस तिथलाच निघाला.

वऱ्हाडी बोलीत लिहिणाऱ्यांना 'तुमची भाषा ग्रामीण' असे ऐकवणाऱ्यांना हा दाखला द्यायला हरकत नाही: एके काळी उत्तम काव्यशैलीचे नावच वाशिमवरून पडले होते. वैदर्भी हा शब्द प्रबंधांतून तरी टिकला. वच्छोमी मात्र अभ्यासकांच्या तळटिपांत अडकून पडला आहे. वाशिम, रिसोड, कारंज्याकडे कोणी नवे वाचनालय, व्याख्यानमाला किंवा बोलीतले नियतकालिक सुरू करणार असेल आणि नाव शोधत असेल, तर त्याने इकडेतिकडे पाहू नये. अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने लिहून ठेवलेले नाव तयार आहे. पाटीवर 'वच्छोमी' लिहावे, आणि खाली बारीक अक्षरांत अर्थ द्यावा.